पळसपापडीची परीक्षा

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि जंतांवरची परदेशी औषधं मिळेनाशी झाली. मी तेव्हा धारवाडच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. आमच्या प्राध्यापकांनी देशी औषधं तपासायला घेतली. माणसाच्या पोटातले जंत बाहेर जगवणं अवघड, म्हणून आम्ही केलगेरीच्या तळ्याकाठची गांडुळं आणायचो. एका बशीत नुसतं फिकं मिठाचं पाणी, दुसरीत त्याच पाण्यात औषधाचा अर्क. थोड्या थोड्या वेळाने टाचणीने टोचून पाहायचं. हललं नाही तर साध्या पाण्यात धुऊन पुन्हा टोचायचं. नुसतं गुंगलंय की मेलंय, ते तेव्हा कळे.

माझे वडील, अप्पा, वैद्य होते. त्यांचं पळसपापडीचं, म्हणजे पळसाच्या बियांचं, चूर्ण आसपासच्या गावांत नावाजलेलं. ते मी मोठ्या विश्वासाने नेलं. तीनदा तपासून पाहिलं. दोन्ही बशांतली गांडुळं सारखीच वळवळत राहिली. प्राध्यापकांनी ताज्या बिया कुटायला लावल्या. त्या अर्कात गांडुळं निपचित पडली, ती धुतल्यावरही हलली नाहीत.

दोन दिवसांनी जेवताना अप्पांना सांगितलं. अप्पांनी शांतपणे हात धुतला.

"मला दाखवशील?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः टाचणी हातात घेतली. बराच वेळ टोचून पाहिलं. मग म्हणाले, "माझ्या बरणीतलं तीन वर्षांचं जुनं आहे."

"गांडूळ म्हणजे पोटातला जंत नव्हे, अप्पा. यावरून सगळं ठरत नाही."

"नाही ठरत. पण मला जायला हवं."

ते केलगेरीला गेले. मी बरोबर होतो. त्या पावसाळ्यात तिथल्या एका बाईची पाच वर्षांची मुलगी जंतांनी आतडं तुंबून दगावली होती. औषध अप्पांचंच चालू होतं. तिच्या दारात उभं राहून त्यांनी कानडीत सांगितलं, "चूर्ण जुनं होतं, अक्का. मला कळायला हवं होतं."

ती उंबऱ्याकडे बघत राहिली. "आधी का नाही पाहिलंत?" एवढंच तिने विचारलं.

त्यानंतर ते दरवर्षी नव्या बिया आणत आणि चूर्ण करण्याआधी मूठभर माझ्याकडे तपासायला देत. लोक येतच राहिले. ती बाई मात्र धाकट्या मुलाला घेऊन औषधासाठी हुबळीला जायची.