डेमोतला निरोगी माणूस

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही, आणि माझं काही तिच्यापासून लपत नाही असं तिला वाटतं. सांगायला बसलो की मी दुसरंच बोलत सुटतो — त्या वेळचं कर्वेनगर, बंगल्याच्या वरच्या मजल्यावरचं आमचं ऑफिस, सगळं पुणं आयटीकडे धावत असताना आम्ही मात्र डॉक्टरांसाठी यंत्र बनवतोय याचा तोरा. आत्ताही तेच चाललंय, नाही का?

तर ते यंत्र. बरगड्यांमधून हलकी टिचकी मारायची आणि लिव्हर किती कडक आहे ते मोजायचं. निरोगी लिव्हर मऊ, आजारी कडक. परदेशी पाहुण्यांसमोर डेमो होता, आणि निरोगी माणूस म्हणून झोपणार होता विलास — कॉलेजपासूनचा माझा मित्र, ऑफिसात शेजारीच बसायचा. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही.

आदल्या दिवशी रंगीत तालीम घेतली. विलासचा आकडा कडक आला. पुन्हा घेतला, पुन्हा कडक. यंत्रच बिघडलं असेल म्हणून स्वतःवर लावून पाहिलं — मऊ. म्हणजे यंत्र बरोबर होतं. हे नीट ऐका — मला त्याच क्षणी कळलं होतं.

"काय म्हणतंय आमचं लिव्हर?" शर्टाची बटणं लावत त्याने विचारलं.

"ठणठणीत," मी म्हणालो.

डेमोत झोपला तो, पडद्यावर दाखवलं मी माझ्याच लिव्हरचं आदल्या दिवशीचं मोजमाप. टाळ्या पडल्या. डेमो झाला की सांगू, ऑर्डर आली की सांगू, मग — मग कोणत्या तोंडाने सांगणार? डेमो खोटा होता हेही सांगावं लागलं असतं. नोकरी जाईल म्हणून मी भ्यालो. दुसरं काही नाही.

काही वर्षांनी त्याला रक्ताची उलटी झाली. जुनी, न कळलेली 'बी' प्रकारची कावीळ, लिव्हर आतून कडक करत गेलेली. आधी समजलं असतं तर गोळ्यांवर थोपवता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. "पूर्वी कधी तपासलं नव्हतं का?"

"तपासलं होतं की," विलास माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "ह्यानंच. तेव्हा काही नव्हतं. विचारा त्याला."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. वहिनीही बघत होत्या.

"हो," मी म्हणालो, "तेव्हा नॉर्मल होतं."

विलास त्याच वर्षी गेला. वहिनी अजूनही आल्यागेल्याला सांगतात — भाऊजींनी वेळेवर तपासलं होतं हो, आमचंच नशीब. तेव्हा मी समोरच बसलेला असतो. त्यांनी केलेला चहा पीत.