रंभीची शिंक

शेवगावच्या स्टँडवर एसटी लागली तेव्हा आईनं मला एकच गोष्ट सांगितली. "शिंक आली तर तोंडावर पदर धर." बाकीच्या आया सांगतात तसं पोचल्यावर कळव नाही, जिवाला जप नाही. ती खडीच्या कामावरून घटकाभर सुटून आली होती, बोटांना बांधलेल्या चिंध्यासुद्धा सोडल्या नव्हत्या. गाडी हलली. मी मान वळवली नाही. त्याच हातानं तिनं माझं पुस्तक फोडलं होतं.

हे मी खडी फोडणाऱ्या आमच्या टोळीतल्या बायांसाठी लिहितेय, ज्या अजून तिथंच बसल्यात, आणि माझ्यासारख्या ज्या पोरी पिशवी घेऊन शहरात आल्या त्यांच्यासाठी. दुष्काळावर पत्रकं पुष्कळ निघाली, काही मीच लिहिली. त्यांत आटलेल्या विहिरी आहेत, मेलेली जनावरं आहेत, मागण्या आहेत. दुष्काळी कामावर बाया पोट धरून हसत होत्या, हे एकाही पत्रकात नाही.

हसत होत्या त्या रंभीमुळे. रंभी ही एका कादंबरीतली पोरगी. पुस्तकाचं नाव सांगत नाही, मला त्याची जाहिरात करायची नाही. शाळेच्या कपाटातून घेतलं होतं, दुष्काळात शाळा ओस पडली आणि परत मागायला कोणी आलं नाही. ही रंभी नकटी, काळी, सगळ्यांनी टाकून बोललेली. पण तिला ज्याचा राग येईल त्याच्याकडे बघून ती शिंकली की ते उडून जायचं. फौजदाराची टोपी उडाली. राजवाड्याचं दार उडालं. राजाची मिशी वेशीबाहेर बाभळीला जाऊन अडकली आणि तिथून हुकूम सोडायला लागली.

ठकूआत्या आमची शेजारीण, टोळीत सगळ्यात म्हातारी. तिनंच ठरवून टाकलं, "तुझ्या वाटनीची खडी आमी फोडतो. तू वाच, बये." मी दगडाच्या ढिगाआड बसून वाचायची, माझा ढीग त्या भरायच्या. रेशनवरच्या मिलोची, त्या परदेशी ज्वारीची लाल भाकरी खाऊन, दिवसभर उन्हात, धुळीत. धुळीनं तर सारखी कोणाला ना कोणाला शिंक यायचीच. मग सगळ्या हातोडे थांबवून समोरच्या डोंगराकडे बघायच्या.

"हालला का गं?" ठकूआत्या नाक पुसत विचारायची.

"न्हाई आत्या. तुझा राग कमी पडतोय."

"मग मुकादमाकडं बघून शिंकते फुडल्या बारीला."

एक दिवस मुकादम मागं येऊन उभाच राहिला. मला वाटलं, आता हजेरी गेली. त्यानं छत्री जवळ ओढली, दगडावर बसला आणि म्हणाला, "थांबली का, मास्तरीन? मिशीचं फुडं काय झालं?" त्यानंतर तो रोज यायचा. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचा. माझी खडी कोण फोडतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

शेवटचं एकच प्रकरण उरलं होतं तेव्हा काम तपासायला साहेबाची जीप आली. मुकादमाचा चेहरा पार बदलला. पुस्तक माझ्या हातातून ओढून तो साहेबाला म्हणाला, "ही पोरगी फुकट हजेरी खाती, साहेब. गोष्टी वाचीत बसती." मग त्यानं ते एका चपट्या दगडावर ठेवलं आणि माझ्या आईला हाक मारली.

"तुझीच लेक ना? फोड. न्हाईतर सबंद टोळीला घरी लावतो."

आईनं बायांकडे बघितलं. सगळ्या आपापल्या ढिगाकडे बघत होत्या, ठकूआत्यासुद्धा. आईनं हातोडा उचलला. एकच घाव. शिवण फाटली, शेवटची पानं सुटली आणि खडीवरून वाऱ्यानं गेली. साहेब हसला. त्याला ती गंमत वाटली. मुकादम जीपकडे वळताना माझ्या कानाशी म्हणाला, "आता शिंक म्हनावं तिला."

हजेरीतून माझं नाव गेलं. आठवड्यात मी पुण्याला मामाकडे.

इथं मी छापखान्यात फर्मे, म्हणजे छापलेले मोठे कागद, दुमडते. मिटिंगला जाते, मोर्च्यात जाते, स्टोव्हवर चहा करते, सकाळी पाव खाते. प्रूफ तपासता येतं, घोषणा रचता येतात. कोणी 'मास्तरीण' म्हणत नाही. इथं कोणी शिंकलं की लोक थोडे बाजूला सरकतात, बस्स.

मग एकदा फुटपाथवर जुन्या पुस्तकांत रंभी सापडली. शेवटचं प्रकरण मी उभ्याउभ्याच वाचलं. रंभीचं लग्न होतं. सासू तिला सात दिवस काढा पाजते. शिंक कायमची थांबते, राजाची मिशी जागेवर येते आणि सगळे जेवायला बसतात. झालं. बायकांनी पोरीची शक्ती एवढी मजेत वाचायची आणि लेखकानं शेवटी तिच्या घशात काढा ओतायचा. मुकादमानं निदान हातोडा तरी उघडपणे मारायला लावला.

ते पुस्तक घेऊन मी गावी गेले. काम चालूच होतं. दुपारच्या सुट्टीत बायांसमोर बसले आणि म्हटलं, शेवट आणलाय.

"आमी कवाच केला की," ठकूआत्या म्हणाली. "तू गेलीस, मग काय, अडून बसायचं का?"

"काय केलात?"

"रंभी पुन्याला गेली. तिथं चकाचक फरशी, धूळ न्हाई, काय न्हाई. शिंक येईनाशी झाली. आता बसलीय पाव खात."

सगळ्या माझ्याकडे बघून हसल्या. आई सगळ्यांत आधी. मी त्यांना काढ्याचा शेवट सांगितला. ठकूआत्या विचार करून म्हणाली, "म्हंजे त्येच की. आमचं निदान थोडक्यात हाय."

घरी येताना मी आईला विचारलं, एवढ्या जोरात का मारलास? ती म्हणाली, "हळू मारला आस्ता तर त्यानं पुन्यांदा मारायला लावला आस्ता." तिचं बरोबर असेल. मला ते चालत नाही. तिलाही सांगितलं. तिनं पुस्तक हातात घेतलं, काढ्याची पानं कुठून सुरू होतात ते माझ्याकडून दाखवून घेतलं, तेवढी नीट फाडली आणि चुलीत घातली. उरलेलं ठकूआत्याकडे दिलं.

त्या डोंगराचा आता अर्धा भाग गेलाय. शिंकेनं नाही. तो तुम्ही हातोड्यानं फोडला, आणि त्या खडीचा रस्ता तुमच्या दारापर्यंत अजून आलेला नाही. त्याचं पत्रक मी लिहितेच आहे.

छापखान्यातही धूळ असते, ठकूआत्या. कागदाची. शिंक येते. पहिल्या-पहिल्यांदा हात आपोआप पदराकडे जायचा, आता मी तो खाली धरून ठेवते. शिंकते आणि मान वर करून बघते. समोर नुसती भिंत असते, आणि माझ्याबरोबर तिच्याकडे बघणारं कोणी नसतं. गाव सुटलं म्हणजे माझं एवढंच सुटलं. बाकी भाकरी इथंही मिळते.