परका बोल्ट

व्हर्लिन स्टॉफरचं नशीब कुठून येतं हे डेल्मर क्लिंगरला पक्कं ठाऊक होतं. पावाच्या गाडीतून.

अख्खी नोकरी व्हर्लिनने पावाची गाडी हाकली. पूर्व ओहायोतल्या गावागावांतून दुकानांच्या मागच्या दारांशी थांबायचं, ज्याच्या-त्याच्याशी हसायचं, म्हाताऱ्या बायकांच्या गुडघ्यांची चौकशी करायची, आणि निघता निघता हळूच विचारायचं, "तुमच्या मालकांनी लढाईवरून काही आणलं होतं का हो?" बायका त्याला थेट माळ्यावर न्यायच्या. डेल्मर त्याच काळात रस्ते खात्यात होता. हिवाळाभर बर्फ ढकलायच्या गाडीवर एकटा बसून असायचा. बर्फाच्या गाडीवाल्याला कुणी घरात बोलवत नाही. उलट आमच्या फाटकापुढं ढीग लावून गेलास म्हणून शिव्या घालतात.

दोघांना नाद एकच. लष्करातून निघालेल्या जुन्या रायफली. व्हर्लिनला कोंबड्यांच्या खुराड्यात स्वीडनची रायफल सापडली, वर कोंबड्यांची शिट आणि आत नळी आरशासारखी. चर्चच्या तळघरात पडद्याची काठी म्हणून अडकवलेली रशियन रायफल सापडली. दर वेळी रायफली जमवणाऱ्यांच्या क्लबच्या जेवणाला तो नवं काहीतरी कांबळ्यात गुंडाळून आणायचा, आणि तिकडच्या पद्धतीने कुस्करलेल्या बटाट्यावर शेवया ओढून घेणारी मंडळी ताटं तशीच ठेवून त्याच्याभोवती जमायची. डेल्मर मात्र हललाच तर शेवटी हलायचा. जवळ जायचा, एकदा नजर फिरवायचा आणि खोट काढायचा.

"हा स्क्रू मागनं बसवलाय." किंवा, "दस्त्याला पॉलिशकागद मारलाय कुणीतरी. शिक्के गेले बघ."

खोट खरीच असायची. त्यामुळे पंचक्रोशीत नाव झालं होतं, की रायफलीतली खोट काढावी तर डेल्मरने. लांबलांबून लोक माल दाखवायला यायचे. त्याची बायको नोरीन मात्र त्याला चांगली ओळखून होती.

"दुसऱ्या कुणाची असली की तुला चष्मा लागतो," ती म्हणायची. "व्हर्लिनची असली की नुसत्या डोळ्यांनी दिसतं."

"काहीतरीच तुझं."

"बरं बाई, काहीतरीच. सूप घे."

पण डेल्मर रायफलींनी कपाटं भरत होता ते सगळं आपलं हाताला सवय म्हणून. त्याला खरी हवी होती ती एकच रायफल, त्याच्या बापाची.

एमेट क्लिंगरने जर्मनीतून एक माउझर आणली होती. पिशवीत मावेना म्हणून लाकडी दस्ता करवतीने मधोमध कापला आणि घरी आल्यावर सांधला. त्या वेळी पुष्कळ शिपायांनी तसं केलं. पुढं पोरं झाली, तेव्हा बापाने रायफलीतला बोल्ट, म्हणजे पुढंमागं सरकवून गोळी आत सारायचा पोलादी दांडा, काढून कुठंतरी लपवला. कुठं ते कुणाला सांगितलं नाही, आणि सांगायच्या आधीच तो गेला. डेल्मर तेव्हा परगावी होता. आईने ती रायफल गवताच्या गठ्ठ्यांचं यंत्र न्यायला आलेल्या माणसाला देऊन टाकली. "बोल्ट नाही तर बंदूक कसली, काठी ती," असं म्हणाली. पुढं काही वर्षांनी शेडमधला कॉफीचा डबा उपडा केला, तर कुंपणाच्या खिळ्यांखाली, तेलाच्या चिंधीत, बोल्ट. त्यावर कोरलेला नंबर, शहाण्णव सत्तेचाळीस.

या नादात नंबराला फार मोल. रायफलीच्या अंगावर जो नंबर तोच बोल्टावर असला तर ती जुळलेली. बोल्ट परका असला तर लोक तोंड वाकडं करतात आणि भाव निम्म्यावर येतो. डेल्मर तो बोल्ट जाकिटाच्या खिशात घालून प्रत्येक बाजारात जायचा आणि दिसेल त्या माउझरपुढं वाकायचा. त्या वजनाने जाकिटाचा उजवा खिसा कायमचा लोंबायला लागला होता. सगळ्या बाजाराला तो नंबर पाठ झाला होता. सुपाच्या खिडकीवरची बाई पैसे परत देताना विचारायची, "काय, शहाण्णव सत्तेचाळीस, आज तरी?"

तो शनिवार मार्चमधला. जत्रेच्या मैदानावरच्या हॉलात बंदुकांचा बाजार भरला होता. आत चुकून गोळी सुटू नये म्हणून दारावरची माणसं प्रत्येक रायफलीच्या बोल्टाला प्लास्टिकची पट्टी आवळून देत होती. आत टेबलांच्या रांगा, ओल्या बुटांचा वास, तेलाचा वास, घेवड्याच्या सुपाचा वास. डेल्मर आत शिरला आणि सवयीने आधी एकच गोष्ट बघितली, व्हर्लिन कुठं आहे. व्हर्लिन पलीकडच्या रांगेत कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकून हसत होता. डेल्मर आपल्या रांगेने चालला खरा, पण डोळे सगळे पलीकडं. तो थांबला की हा थांबे, तो वाकला की हा टाचा उंचावून बघे. असं करत करत डेल्मर आपली अख्खी रांग संपवून आला आणि टेबलावर काय होतं ते त्याला धड सांगताही आलं नसतं.

त्याच रांगेत ओपल रीडनर नावाची बाई बसली होती. नवरा गेल्यावर त्याचं सामान विकायला काढलेलं. कुत्र्याचे पट्टे, मासे धरायच्या काठ्या, पाने-पकडी, आणि त्या पसाऱ्यात एक माउझर. डेल्मर तिच्यावरून पुढं गेला होता. वळून बघतो तर व्हर्लिन तिथं उभा, आणि रायफल व्हर्लिनच्या हातात.

बाजारचा एक रिवाज होता. कुठं लिहिलेला नाही, पण तो मोडणाऱ्याशी पुन्हा कुणी व्यवहार करायचं नाही. रायफल ज्याच्या हातात, बोलणी त्याची. तोवर दुसऱ्याने भावही विचारायचा नाही. त्याने ती टेबलावर ठेवली की त्याचा हक्क संपला, मग जो आधी उचलेल तो. व्हर्लिनच्या मागं केंटकीचा व्यापारी रॉय टॅकेट खिशात हात घालून छताकडं बघत उभा होता. म्हणजे त्याला ती रायफल हवी होती.

डेल्मर पाय उचलत तिथं गेला.

"ये ये," व्हर्लिन म्हणाला. "बघ बरं ही. मला तर आवडली."

"तुला काय, खुराड्यातलंही आवडतं."

"खुराड्यातल्याला तू सहा महिने नावं ठेवलीस. आता हिला ठेव."

डेल्मरने खिशातला चष्मा काढला नाही. "दस्ता कापलेला," तो म्हणाला. "ती लोखंडी पट्टी आहे ना दस्त्यावर, तिच्याखाली बघ. आणि कापलाय तोही वाकडा. कसायानं कापल्यासारखा."

ओपलबाईने मान वर केली. "मालकांनी अशीच घेतली होती हो. मला त्यातलं कळत नाही."

"बोल्ट परका," डेल्मर थांबायला तयार नव्हता. "एका नजरेत कळतंय, रंग वेगळा. वर कुणीतरी वार्निश फासलंय, जेवायच्या टेबलाला फासतात तसं. चुलीत घालायच्या लायकीची आहे, व्हर्लिन. तुझे पैसे, तुझं नशीब."

मनात त्याला गोड वाटत होतं. व्हर्लिनचं हसणं थोडं उतरलं होतं. निदान या वेळचं क्लबचं जेवण तरी कांबळ्याविना होणार.

"काका, झालं असेल तर ठेवा खाली," मागून रॉय म्हणाला. "लाकूडफाटा मला चालतो."

"ठेवतो बाबा," व्हर्लिन म्हणाला. "डेल्मर म्हणतोय म्हणजे असेल तसंच." आणि रायफल टेबलाकडं नेण्यासाठी त्याने पकड बदलली. अंगठा सरकला. अंगठ्याखालच्या पोलादावर चार आकडे होते.

डेल्मरला ते चष्म्याविना दिसले.

"ठेवू नकोस," तो म्हणाला.

"आं?"

"खाली ठेवू नकोस!"

ओपलबाई दचकली. रॉयने छतावरची नजर खाली आणली. व्हर्लिन रायफल टेबलापासून वीतभर वर धरून तसाच थांबला. मावळत्या हसण्याची एक कड त्याच्या ओठांवर परत आली.

"का रे? आत्ता तर चुलीत घालत होतास."

डेल्मर टेबलाजवळ सरकला. आयुष्यात त्याने या माणसाकडं साधा स्क्रू मागितला नव्हता. पावाच्या गाडीवाल्याकडं काय मागायचं? आणि आता बापाची रायफल त्याच्या हातात होती, आणि ती कवडीमोल ठरवणारा तो स्वतःच होता, दुसरा कुणी नव्हता. ते वाकडं कापलेलं लाकूड बापानेच कापलं होतं, कुठल्याशा जर्मन गावात, उसन्या करवतीने. त्याला कसाई म्हणून झालं होतं.

"हातातल्या हातात दे," तो कसाबसा म्हणाला. हातातून हातात गेली तर रिवाज मोडत नव्हता. "टेबलाला लावू नकोस. मला दे."

"हे काय चाललंय?" ओपलबाई म्हणाली. "घ्यायची तर घ्या, नाहीतर ठेवा. माझ्या टेबलाशी तमाशा नको."

"ठेवा की काका," रॉय म्हणाला.

डेल्मरने लोंबत्या खिशात हात घातला आणि बोल्ट बाहेर काढला. व्हर्लिनने रायफल काखेत घट्ट धरली, एका हाताने बोल्ट घेतला, लांब धरून वाचला, मग रायफलीवरचे आकडे वाचले. पुन्हा बोल्ट वाचला. त्याचा चेहरा डेल्मरने कधी बघितला नव्हता तसा झाला होता. आता हसेल, डेल्मरला वाटलं. आता सगळ्या बाजाराला ओरडून सांगेल.

व्हर्लिनने बोल्ट परत दिला, रायफल दिली नाही. ओपलबाईकडं वळला, तिने मागितले तेवढे पैसे मोजून टेबलावर ठेवले आणि दाराकडं चालू लागला. घासाघीस न करता व्हर्लिनने काही घेतलं असं त्या बाजारात कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

डेल्मरच्या अंगाचा भडका उडाला. घेतलीन! तीही घेतलीन! माझ्या बापाचीसुद्धा यालाच सापडायची होती! तो त्याच्या मागं निघाला तेव्हा हाताच्या मुठीत बोल्ट इतका आवळला होता की तळव्यावर वळ उठला.

बाहेर चिखल झाला होता. व्हर्लिनने आपल्या ट्रकचं मागचं फळकूट खाली पाडलं, त्यावर रायफल ठेवली, चाकूने प्लास्टिकची पट्टी कापली आणि परका बोल्ट ओढून बाहेर काढला.

"घाल तुझा," तो म्हणाला.

डेल्मरने मूठ उघडली नाही.

"घाल की, लेका. का आता यातही खोट काढतोस?"

डेल्मरचे हात नीट चालेनात. पहिल्यांदा बोल्ट तिरका लागला. मग आत शिरला, घसरत गेला, आणि दांडी खाली दाबल्यावर कसलाही आवाज न करता जागच्या जागी बसला. कपाटाचं मूळचं दार बसावं तसा. डेल्मरने अंगठा लोखंडी पट्टीखालच्या वाकड्या सांध्यावर नेला आणि तिथंच ठेवला.

"आतमध्ये का नाही दिलीस?" त्याने विचारलं.

"तुझे हात बघितलेस? टेबलावर टाकली असतीस, आणि त्या रॉयने उचलली असती." व्हर्लिनने फळकुटावर बूड टेकलं. "मी दिले तेवढे दे. वर एक पैसा नको. पण हा माझा."

परका बोल्ट त्याने रुमालाने पुसायला घेतला होता.

"तो? तो कशाला? काही उपयोगाचा नाही तो."

"नंबर आहे त्याच्यावर. म्हणजे कुठंतरी याचीही रायफल असणार." व्हर्लिनने बोल्ट उन्हात धरून आकडे वाचले. "गड्या, मी आपला मिळेल ते उचलायचो. खुराड्यातलं, तळघरातलं. घरी नेलं की दुसऱ्या दिवशी त्यातली गंमत संपायची. आणि तू प्रत्येक टेबलाशी असा वाकायचास, जशी आजच मिळणार आहे. माझ्या पोटात दुखायचं रे."

"तुझ्या?"

"मग काय."

डेल्मरला ते पटलं नाही. सफाईदार बोलणं पावाच्या गाडीवर शिकलेलं, दुसरं काय. घरी येऊन त्याने रायफल स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवली. नोरीनने हात पुसले, दस्त्यावरून एकदा बोटं फिरवली आणि म्हणाली, "कुणी शोधली?" तेव्हा तो ताड्कन उठून कॉफी ओतायला गेला.

क्लबच्या जेवणाला हकिकत अर्थात व्हर्लिननेच सांगितली. डेल्मर चुलीत घालायला निघाला होता तो भाग त्याने गाळला. तेही डेल्मरला सहन झालं नाही.

मग ऑक्टोबरचा बाजार आला. डेल्मर हॉलात शिरला आणि पाच पावलं टाकून उभाच राहिला. जाकीट हलकं लागत होतं. टेबलांवर माउझरी होत्या, पण त्यांच्यापुढं वाकायचं कशाला? सुपाच्या खिडकीवरच्या बाईने त्याला नुसतंच सूप दिलं. तिची नजर त्याच्या मागं गेली आणि ती ओरडली, "काय व्हर्लिन! आज तरी?"

व्हर्लिन पलीकडच्या रांगेत होता. नाकावर नवा चष्मा, उजवा खिसा लोंबलेला. कुणाच्या खांद्यावर हात नाही, हसणं नाही. एकेका रायफलीपुढं वाकून, ओठ हलवत आकडे वाचत होता. लोक त्याला वाट करून देत होते.

डेल्मरने सूप तोंडाला लावलंच नाही. त्याने वाटी तिथंच ठेवली आणि जवळच्या टेबलावरची माउझर उचलली. परक्या बोल्टाचा नंबर त्या दिवशी ट्रकपाशीच त्याच्या डोक्यात बसला होता. त्याने खिशातला चष्मा काढून नाकावर चढवला, पोलाद अंगठ्याने पुसलं आणि वाचलं. नाही. पुढच्या टेबलावर आणखी एक होती. व्हर्लिन अजून त्या टोकाला होता. डेल्मरने चाल वाढवली.