पोच नसलेला माणूस

पेजर कंपनीतल्या त्या तंत्रज्ञाला सगळे ‘सर्वज्ञ’ म्हणत, आणि ते कौतुकाने म्हणतात असं जगात फक्त त्यालाच वाटे. समोरच्याचं वाक्य मध्येच तोडायचं आणि उरलेलं अर्धं आपणच चुकीचं पुरं करायचं, एवढीच त्याची विद्वत्ता. बायकोने मीठ संपल्याचं सांगितलं तर हा तिला मिठाचे प्रकार ऐकवी. मीठ मग शेजारून येई.

तर कंपनीने दोन शहरांतली पेजिंग टर्मिनलं, म्हणजे निरोप घेऊन पेजरवर धाडणारी यंत्रं, एकमेकांना जोडायचं ठरवलं. जो जोडेल तो दोन्हीकडचा प्रमुख, असं मोठे साहेब बोलून गेले. झालं. सर्वज्ञाने त्याच संध्याकाळी नव्या पाटीसाठी घराच्या दारावर खिळा ठोकला.

जोडणीचा नियम सोपा होता. एका यंत्राने निरोप पाठवायचा, दुसऱ्याने ‘मिळाला’ अशी पोच द्यायची. पोच आली नाही तर पहिल्याने तोच निरोप तीनदा पाठवायचा आणि मग गप्प बसायचं. सर्वज्ञाला हे गप्प बसणं काही रुचेना. त्याने तीनची मर्यादाच काढून टाकली.

दिवसभर फोनवर लोकांचे निरोप उतरवून घेणाऱ्या बाई शेजारीच बसत. त्या म्हणाल्या, परतीच्या तारेचा स्क्रू ढिला दिसतोय.

“बाई, तुम्ही फोन घ्या. तारा आमच्याकडे राहू द्या.”

आणि त्याने दुसऱ्या शहरात गेलेल्या मोठ्या साहेबांच्या पेजरवर पहिला निरोप सोडला: ‘दोन्ही शहरं जोडली. मी एकट्याने.’ तिकडच्या यंत्राने तो घेतला, साहेबांचा पेजर वाजवला, इमानाने पोचही दिली. ती ढिल्या स्क्रूपाशी अडली. इकडचं यंत्र मालकावर गेलेलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं. आणि पुन्हा.

साहेब संचालकांच्या बैठकीत होते. एकोणिसाव्या वेळी त्यांनी फोन केला. अभिनंदनच असणार म्हणून सर्वज्ञाने बाईंच्या हातून रिसीव्हर ओढला आणि जोडणीचं महत्त्व सांगायला लागला. “ते आधी थांबवा,” असं साहेब चारदा म्हणाले, पण ऐकतो कोण. तेवढ्यात बाईंनी पेचकस घेऊन स्क्रू दोन फेरे आवळला. यंत्र गप्प.

“थांबलं. काय केलंत?” साहेबांनी विचारलं.

“मी काही नाही केलं, साहेब,” सर्वज्ञाने तत्परतेने चुगली केली. “या बाईंनी न विचारता तारेला हात लावला.”

चौथ्या दिवशी दोन्हीकडच्या प्रमुखपदी बाईंच्या नेमणुकीचं पत्र आलं. एक प्रत सर्वज्ञालाही होती. शिपायाने वही पुढे केली. सही कसली, असं त्याने विचारलं.

“पोच द्या, साहेब. सगळ्यांनी दिली, तुमचीच राहिलीय.”

दारावरच्या खिळ्याला आता बायको पिशवी अडकवते. मीठ स्वतःच आणते.