बनुबाईची म्हैस आणि केरूची गिरणी

औंधाच्या यमाईचा डोंगर जिथून डाव्या हाताला दिसतो, त्या गावात पहिली पिठाची गिरणी आली ती एकाहत्तर साली, दसऱ्याच्या सुमाराला. आणि ती नेमकी बनुबाईच्या गोठ्याला लागून आली.

गिरणी आणली केरूनं. केरू म्हणजे बनुबाईच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. दोघांची घरं एकाच आळीत, मधे फक्त एक बोळ. सांगलीच्या पेठेत हळदीची पोती वाहणाऱ्या ट्रकवर केरू काही वर्षं क्लीनर होता. तिथल्या एका व्यापाऱ्याच्या आवारात गंजत पडलेलं डिझेल इंजिन त्यानं हेरलं, गावी आणलं, खोलून पुन्हा जोडलं आणि बोळाच्या कडेला पत्र्याची शेड मारून गिरणी सुरू केली. तोवर दळण न्यायचं तर औंधाला जावं लागे, नाहीतर घरी जातं ओढावं लागे. बायाबापड्यांनी केरूला दुवा दिला. पहिल्या दिवशी नारळ फोडायला बनुबाईही हजर होती.

इंजिनाचा आवाज तसा मोठाच होता, पण केरूचं तेवढ्यानं भागेना. लांबच्या वस्त्यांवर गिरणी चालू आहे की बंद, हे कळायला हवं म्हणून त्यानं धुराड्याच्या तोंडावर एक लोखंडी डबा उपडा बसवला. धुराचा प्रत्येक झटका त्या डब्यावर आदळला की ‘कुक्, कुक्, कुक्’ असा टोकदार आवाज निघायचा आणि तीन शिवारं ओलांडून जायचा. मळ्यातली बाई तो ऐकून पाटी डोक्यावर घ्यायची.

बनुबाईचा नवरा नाथाजी पलटणीत होता. वर्षाकाठी रजेवर यायचा. घरात ती, तिची धाकटी लेक विजयमाला आणि सासू आक्काताई. आक्काताईला कानानं फारच कमी ऐकू यायचं, त्यामुळं गिरणीचा तिला काही उपद्रव नव्हता. बनुबाईलाही आवाज सोसला असता. सोसला नाही तो चांदीला.

चांदी ही तिची म्हैस. कपाळावर पांढरा ठिपका, अंगानं थोराड, स्वभावानं भित्री. तिचं दूध औंधाच्या एका हॉटेलात रतीबानं जायचं आणि घरचा मीठमिरचीचा खर्च त्यावर निघायचा. गिरणी सुरू झाली त्या संध्याकाळी बनुबाई चरवी घेऊन बसली, रेडकू सोडून पाहिलं, सडांना हात लावला, तर म्हैस थरथरत उभी. डबा वाजायचा तसे तिचे कान हलायचे. पान्हा काही तिनं सोडला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं लाथ मारून चरवी उलथवली. आठवड्याभरात दूध निम्म्यावर आलं.

बनुबाई फार बोलणारी बाई नव्हती. ती बोळ ओलांडून गेली आणि डबा काढायला सांगितलं. केरू तिला मान द्यायचा. त्यानं हातातलं काम टाकून ऐकून घेतलं, पण नाही म्हणाला. डबा काढला तर वस्त्यांवरची गिऱ्हाइकं येणार नाहीत, मग गिरणी कुणासाठी चालवायची, असं त्याचं म्हणणं. त्यात खोटं काही नव्हतं, हे बनुबाईला कळत होतं. ती माघारी आली आणि म्हशीला परड्याच्या टोकाला बांधू लागली. तिथंही आवाज तेवढाच होता.

बांगलादेशची लढाई उरकल्यावर, बहात्तरच्या उन्हाळ्यात नाथाजी रजेवर आला. त्यानं दोन दिवस तो आवाज ऐकला, म्हशीचं गाऱ्हाणं ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी भर दुपारी शिडी लावून धुराड्यावरचा डबा उपसून काढला. केरू बाहेर आला. दोघं भाऊ बोळात समोरासमोर उभे राहिले.

“दादा, डबा जाग्यावर ठेव,” केरू म्हणाला.

“पुन्यांदा बसवलास तर इंजान बी न्हाई ऱ्हायाचं,” नाथाजी म्हणाला.

यापुढं हातघाईवर आलं असतं, पण आळीतली माणसं मधे पडली. डबा नाथाजीनं घरी आणून माळ्यावर टाकला. त्या दिवसापासून कुक्-कुक् थांबली; धमकीमुळं केरूनं दुसरा डबाही बसवला नाही. चांदीचं दूध वाढलं. नाथाजी समाधानानं पलटणीत परत गेला. भावकीचं बोलणं मात्र तुटलं. केरूची बायको पाणवठ्यावर बनुबाईला बघून तोंड फिरवायची, आणि हे सोसायला मागं बनुबाईच होती.

त्या साली पाऊस झाला नाही. खरीप गेलं, रब्बी पेरताच आली नाही. गावाच्या वरच्या अंगाला तलावाचं दुष्काळी काम निघालं आणि निम्मं गाव खडी फोडायला जाऊ लागलं. म्हशीच्या वैरणीला फलटणकडून उसाच्या वाढ्यांचा ट्रक यायचा, त्याची वाट बघत बनुबाई रस्त्याच्या कडेला बसायची. तिथंच तिला एकदा राहीबाई भेटली. राहीबाई बौद्धवस्तीतली, खडीच्या कामावर जाणारी. तिच्या डोक्यावर धान्याची पाटी होती, आणि दळणाला जाऊन ती तशीच माघारी निघाली होती. त्या दिवसापुरती गिरणी बंद झाली होती.

बनुबाईनं विचारलं तसं राहीबाईनं सांगितलं. कामावरून सुटायला दिवस मावळतो. आधी डब्याचा आवाज कुठल्याही शिवारात कामावर असलं तरी यायचा, तो ऐकून गिरणी चालू असल्याचं समजायचं. आता कळत नाही. पाटी घेऊन जावं तर कधी इंजिन बंद, कधी डिझेल संपलेलं. मग पोरांना तसंच निजवायचं.

“आवं, तुमची म्हस तुमाला मोलाची, खरं हाय,” राहीबाई म्हणाली. “पर आमाला त्यो डबा वाजला की भाकरी दिसती.”

ती हे रागानं म्हणाली नाही. पाटी सावरली आणि चालू लागली.

बनुबाईनं त्यानंतर कुणाला काही विचारलं नाही. घरी आली, माळ्यावर चढली आणि डबा पदराखाली न झाकता, उघडा हातात धरून बोळ ओलांडून गेली. नाथाजीला कळलं तर काय होईल, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. केरू इंजिनाशी बसला होता. तिनं डबा त्याच्यापुढं ठेवला.

“भावजी, सांजचं बसवा ह्यो. सकाळी माजी धार हुईस्तवर इंजान चालू करू नगा. एवडं पाळा.”

केरूनं मान हलवली. मग म्हणाला, “वयनी, सांजच्या धारंचं काय?”

“ते माजं मी बगती.”

तिनं जे केलं त्याबद्दल गावात बरंच बोललं गेलं. बौद्धवस्ती गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथं राहीबाईचं एक छप्पर रिकामं होतं. तिची गाय दुष्काळी जनावरांच्या छावणीत होती. बनुबाईनं संध्याकाळच्या धारेपुरती चांदीला तिथं न्यायला सुरुवात केली. तिथं डब्याचा आवाज यायचा, पण बोथट होऊन. म्हैस कान हलवायची आणि दूध द्यायची. आक्काताईला हे शेजारणीनं कानाशी तोंड नेऊन, ओरडून सांगितलं. म्हातारीनं त्या रात्री चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र घेतला. हॉटेलवाल्यानं दूध कुठं काढता म्हणून विचारलं, तेव्हा बनुबाईनं जिथं काढत होती तिथलं नाव सांगितलं. त्यानं थोडा विचार केला आणि चरवी ओतून घेतली. दुष्काळात दूध मिळत होतं कुठं!

काही दिवसांनी तिनं म्हैस वस्तीपासून थोडी अलीकडं, चिंचेखाली आणली. मग चावडीच्या मागं. मग आळीच्या तोंडाशी. एखाद्या संध्याकाळी चांदी बिथरली की बनुबाई दुसऱ्या दिवशी पुन्हा मागं सरकायची. घाई तिनं केली नाही. राहीबाई अधूनमधून पाटी घेऊन जाताना थांबायची, म्हशीच्या पाठीवर हात फिरवायची. त्र्याहत्तरचा पाऊस पडला त्या सुमाराला चांदी आपल्या गोठ्यात उभी राहून, शेजारी डबा कुक्-कुक् करत असताना, संथपणे रवंथ करत दूध देऊ लागली.

यावर सगळं मिटायला हवं होतं. पण पुढच्या हिवाळ्यात डिझेल मिळेनासं झालं. केरू डबे घेऊन साताऱ्यापर्यंत जाऊन यायचा आणि रिकामा परतायचा. गिरणी बंद पडली. पहिल्या शांत संध्याकाळी बनुबाई धारेला बसली, तर म्हैस मान वळवून बोळाकडं बघत राहिली. पान्हा नाही. तिसऱ्या दिवशीही तोच प्रकार. आवाज नव्हता म्हणून ती बिचकत होती.

बनुबाई पुन्हा बोळ ओलांडून गेली. काय सांगावं हे तिला उमगेना, म्हणून तिनं जे होतं ते सांगितलं. केरूला आधी थट्टा वाटली. मग तो उठला, धुराड्यावरचा डबा उतरवला, तिच्या गोठ्याच्या दारात उकिडवा बसला आणि पान्यानं डबा ठोकू लागला. डब्यावरून भांडण झाल्यापासून त्यानं त्या घराच्या उंबऱ्यात पाय ठेवला नव्हता.

“बिगीबिगी न्हवं,” बनुबाई म्हणाली. “इंजान वाजतं तसं.”

त्यानं ठेका धरला. चांदीनं बराच वेळ ऐकलं. मग चरवीत धार पडल्याचा आवाज आला. भरपूर नाही, पण आली. विजयमाला दारात उभी राहून हसत होती, आणि तिच्या मागं केरूची बायको येऊन कधी उभी राहिली, ते बनुबाईला कळलं नाही. धार संपल्यावर बनुबाईनं तांब्याभर दूध केरूच्या घरी दिलं. डिझेल येईपर्यंत केरू रोज संध्याकाळी येत राहिला. तो नसला की त्याची बायको यायची. तिला ठेका जास्त चांगला जमायचा.

मधल्या वर्षी रजा न मिळालेला नाथाजी चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात आला तेव्हा डबा धुराड्यावर वाजत होता. त्यानं बायकोकडं पाहिलं.

“मीच दिला नेऊन,” ती म्हणाली. “तुमी म्हैनाभर असता. मला हितं ऱ्हायाचं हाय.”

तो त्या दिवशी जेवला नाही आणि रजाभर केरूशी बोललाही नाही. पण डब्याला त्यानं हात लावला नाही. पंचाहत्तर साली केरूच्या लेकीच्या लग्नात मात्र पंगतीत बुंदी वाढायला तो उभा होता.

सत्त्याहत्तरला नाथाजी पेन्शनवर घरी आला. तोवर गावात वीज आली होती आणि केरूनं गिरणीला मोटर बसवली होती. राहीबाईच्या थोरल्या लेकाला सांगलीत एस.टी.त नोकरी लागली, आणि ती त्याच्याकडं राहायला गेली. गावाला आली की बनुबाईकडं चहा घेऊन जायची. आक्काताई दोघींच्या मधे बसून, काही ऐकू येत नसताना, मान हलवायची.

चांदी त्याच गोठ्यात म्हातारी झाली. तिच्या पोटच्या दोन रेड्या बनुबाईनं ठेवल्या होत्या. त्या गिरणीच्या शेजारी जन्मल्या, तिथंच वाढल्या. कसलाही आवाज झाला तरी त्यांनी गव्हाणीतून तोंड काढलं नाही.