दोघांना होईल असं

आमच्या घरात काहीही विकत घ्यायचं झालं की माझा नवरा एकच निकष लावतो: दोघांना होईल असं घेऊ. रेनकोट दोघांना होईल असा, म्हणजे त्याच्या मापाचा. मी तो घातला की बाह्यांतून माझी बोटंही दिसत नाहीत. सायकल दोघांना चालवता येईल अशी, म्हणजे सिग्नलला मी एका पायाच्या अंगठ्यावर तोल सावरत उभी. नेदरलँड्समधल्या हार्लेमला राहायला आल्यापासून मी त्याच सायकलवरून स्टेशन गाठते. सीट जरा खाली करू या म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं, "मग माझे गुडघे दुखतात गं." माणूस वाईट नाही. वाईट असता तर रागावणं तरी सोपं गेलं असतं.

तिरंदाजी आम्ही दोघांनी एकदमच सुरू केली. शहराबाहेरच्या एका क्लबात नवशिक्यांचे वर्ग होते. त्याला चार शनिवारांनंतर ऑफिसची कामं आडवी आली, मी मात्र टिकले. या देशात मी आले ती त्याच्या नोकरीच्या परवान्याच्या शेपटीला बांधलेली. पुढे माझी नोकरी लागली, ओळखी झाल्या, पण घर, डॉक्टर, बँक सगळं आधी त्याच्या नावाने आणि मग माझ्या. क्लबातल्या रेषेवर धनुष्य घेऊन उभी राहिले की कोणी कोणाची बायको नसतं. मला ते फार आवडलं. इतकं काही आवडण्याची माझी सवयच मोडली होती.

माझं धनुष्य कंपाउंड, म्हणजे दोन्ही टोकांना चाकं असलेलं. त्याची दोरी बोटांनी ओढत नाहीत. हातात एक छोटं यंत्र असतं, त्याला सगळे नुसतं रिलीज म्हणतात. त्याचा आकडा दोरीत अडकवायचा, दोरी गालापर्यंत ओढायची आणि खटका दाबला की बाण सुटतो. क्लबाचा रिलीज काही दिवस वापरल्यावर स्वतःचा घ्यायला सांगतात. मी घरी तसं बोलले, आणि तिथेच चुकलं. नवऱ्याने लगेच लॅपटॉप उघडला.

पंधरा दिवस तो व्हिडिओ बघत होता. सगळे अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचे. दाढीवाले बाप्ये झाडावर मचाण बांधून हरणाची वाट बघताहेत आणि मनगटावरचा पट्टा दाखवून सांगताहेत की शिकारीला याच्यासारखा रिलीज नाही. अरे, आपण राहतो त्या देशात धनुष्याने सशालाही हात लावता येत नाही. आणि ज्या बाईसाठी हे चाललंय ती अंडंसुद्धा खात नाही.

"अगं, पण रिव्ह्यूज बघ ना! आणि पट्टा ॲडजस्ट होतो. दोघांना होईल."

झाडाच्या पानांची नक्षी असलेला तो पट्टा आला. शेवटच्या भोकापर्यंत आवळला तरी माझ्या मनगटावरून घसरायचा, म्हणून मी खाली रुमालाची घडी ठेवायला लागले. खटक्यावर तर्जनी पहिल्या पेरापर्यंत आकड्यासारखी बसायला हवी आणि पाठीच्या जोरावर हळूहळू ओढ वाढवत न्यायला हवी, म्हणजे बाण नकळत सुटतो. माझं बोट कसंबसं टोकाने खटक्याला लागायचं. मग मी हिसका द्यायची. लक्ष्याच्या मधोमधचा पिवळा गोल सोडून बाण कुठेही जायचा, दोनदा तर लक्ष्यामागच्या जाळीत.

आमच्या प्रशिक्षक बाई इथल्याच, निवृत्त शिक्षिका. आडपडदा हा प्रकार त्यांना माहीत नाही. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तू पिवळ्याला घाबरतेस." हा तिरंदाजांचा एक प्रसिद्ध आजारच आहे म्हणे. हिवाळ्यातल्या स्पर्धेसाठी संघ ठरायचा होता, एक जागा शिल्लक होती, आणि त्यांनी स्पष्ट सांगितलं की हे असं चाललं तर ती जागा मला देता येणार नाही. मग श्वासाचे व्यायाम दिले. नवऱ्याने ध्यानाचं ॲप दिलं. मी पोळ्या लाटताना त्याचा सल्ला, "तू ना, फार टेन्शन घेतेस. लहानपणापासूनच असणार तुझं हे." माझं लहानपण याने कधी पाहिलं?

पण दहा वेळा ऐकलं की खरं वाटायला लागतं. मी घाबरट आहे, हे मी मान्य करून टाकलं. एका शनिवारी डोकं दुखतंय म्हणून घरीच बसले. सोडून द्यावं असं ठरत आलं होतं, आणि त्या विचाराने मला रडू येत होतं.

"तसं नको करूस," नवरा म्हणाला, "आपण याच्याहून भारी रिलीज घेऊ. मी शॉर्टलिस्ट केलंय." आम्ही दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, कोणासाठी? नवरा म्हणाला, हिच्यासाठी, पण मीही अधूनमधून वापरीन. त्यावर दुकानदाराने काय करावं? नवऱ्याचा हात हातात घेतला, तळवा दाबला, बोटं ताणून बघितली आणि म्हणाला, लार्ज.

 आमच्याकडे लग्नात कासार यायचा. रांगेतल्या प्रत्येक मुलीचा हात तो स्वतः दाबून बघायचा, मगच बांगडी काढायचा. बापाचा हात दाबून लेकीला बांगड्या भरणारा कासार मी उभ्या जन्मात पाहिला नाही.

"त्याचा हात कशाला दाबतोयस? बाण मी मारणार आहे!"

हे मी मराठीत ओरडले. दुकानदाराला शब्द कळले नाहीत, पण हात त्याने सोडला. नवरा म्हणाला, "अगं, हळू." मी हळू बोलले नाही. इंग्रजीत पुन्हा सांगितलं, माझा हात पुढे केला आणि काउंटरवरचे सगळे रिलीज एकेक करून स्वतः धरून बघितले. बहुतेक मुठीत लोळत होते. एक मात्र लहान होता, पितळी, अंगठ्याने दाबायचा. त्यात तर्जनी घालायला बंद भोक होतं आणि माझी तर्जनी त्यात अलगद बसली.

दुकानाच्या मागच्या बाजूला त्यांच्याच धनुष्याने बाण मारून बघायची सोय होती. दोरी ओढली, अंगठा टेकवला, पाठीने ओढत राहिले. बाण कधी सुटला ते मला कळलं नाही. पिवळ्यात होता. दुसराही तिथेच.

मी घाबरत नव्हते. माझं बोट पोचत नव्हतं.

आनंद व्हायला हवा होता, पण अंगाचा तिळपापड झाला. इतके आठवडे मी माझ्या काळजात दोष शोधत बसले होते, आणि दोष होता अर्ध्या बोटाच्या अंतराचा. ते अंतर माझ्यासकट कोणीही बघितलं नव्हतं.

पुढच्या सरावात बाईंनी माझे बाण पाहिले आणि म्हणाल्या, "बघ, भीती गेली." मी म्हणाले, "भीती नव्हतीच. माप चुकलं होतं." त्यांनी रिलीज बघायला मागितला, माझा जुना पट्टाही बघितला, आणि जरा ओशाळल्या. संघातली जागा मला मिळाली.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा नवऱ्याला खरंच आनंद झाला. "बघू, बघू," म्हणत त्याने रिलीज उचलला आणि तर्जनी भोकात घातली. दुसऱ्या पेराशी ती अडकली. पुढे जाईना, मागे येईना.

"अगं, हे मला होत नाहीये."

इतकी वर्षं या घरात हे वाक्य फक्त मी म्हणत होते. मी त्याला साबण आणून दिला, बोट सुटेपर्यंत थांबले, रिलीज पुसून माझ्या बॅगेत ठेवला. मग पाना घेऊन खाली गेले आणि सायकलची सीट माझ्या उंचीला आणली.