तांदळाच्या पिठीचा सौदा

अमेरिकेतल्या एका गावाच्या पोलिसांनी माझ्या आईची माफी मागितली. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण असं कधी होणार नाही हे मला घरातल्या प्रत्येकाने सांगितलं होतं. बायकोने सांगितलं, बहिणीने फोनवर सांगितलं आणि अमेरिकेत वीस वर्षं काढलेल्या माझ्या दादाने तर इतक्या वेळा सांगितलं की मला त्याचाच राग जास्त आला. त्या सगळ्यांना मी अजूनही जेवताना मधूनमधून आठवण करून देतो.

माझा धंदा म्हणजे बंद पडलेल्या रेस्टॉरंटांचं सामान घ्यायचं आणि विकायचं. फ्रीझर, ओव्हन, स्टीलची टेबलं. ऑकलंडला मी कसल्याशा कोर्सच्या व्हिसावर आलो. बरोबरची पुण्याची पोरं आयटीत चिकटली आणि मी अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात गाडीच्या डिकीतून जुने कुकर विकत उभा राहिलो. आज माझं गोदाम आहे. घासाघीस मला कुणी शिकवली नाही, पण एक गोष्ट त्या डिकीनेच शिकवली: जी वस्तू घ्यायची आहे तिच्याकडे बघायचं नाही. मला इडलीचं पीठ वाटायचा वेट ग्राइंडर हवा असेल तर मी अर्धा तास फ्रीझरच्या किमतीवरून भांडतो. शेवटी वैतागून मालकच म्हणतो, हा ग्राइंडर घे आणि जा बाबा.

आई वर्षातले पाच-सहा महिने आमच्याकडे, ऑकलंडच्या हिल्सबरो भागात असते. न्यूझीलंडच्या विमानतळावर खाण्याची वस्तू लपवली तर दंड आणि सांगितली तर काही नाही, हे तिला पहिल्याच फेरीत समजलं. तेव्हापासून ती बॅग उघडून उभीच राहते. "फूड. डिक्लेअर," असं म्हणून एकेक पुडा काढून दाखवते. इथले अधिकारी बघतात, हसतात, "स्वीट ॲज", म्हणजे एकदम झकास, म्हणतात आणि सोडतात. तिच्या दृष्टीने गणवेशातल्या माणसाशी वागायची हीच पद्धत. आपण होऊन सगळं दाखवायचं, म्हणजे अब्रू राहते.

त्या वर्षी गणपतीला आम्ही दोघं दादाकडे अमेरिकेला गेलो. अमेरिकेतल्या पिठीवर आईचा भरवसा नव्हता, म्हणून तिने इथल्या इंडियन दुकानातून आंबेमोहोर आणून, धुऊन, वाळवून, दळून घेतला होता. मोदकाची ती पिठी तिथल्या विमानतळावरही तिने दाखवली आणि त्यांनी सोडली. मग दादाच्या गाडीतून पुतण्याच्या गावी निघालो. आई मागच्या सीटवर, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत पिठी.

वाटेत पोलिसांची गाडी मागे लागली. लेन बदलताना सिग्नल दिला नाही, असं त्या पोलिसाचं म्हणणं. पंचविशीतला असेल. दादाने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि इतका लहान झाला की मला त्याची मान दिसेना.

"गाडीत मला माहीत असावं असं काही आहे का?" पोलिसाने विचारलं.

"नो सर," दादा म्हणाला.

"येस," मागून आई म्हणाली. "फूड. डिक्लेअर." आणि तिने पिशवीची चेन उघडून पिठीचा पुडा वर धरला.

पोलिसाने गाडी बघू का म्हणून विचारलं. दादा म्हणाला, "शुअर, ऑफिसर."

"तू हो का म्हणालास?" मी मराठीत विचारलं.

"गप्प बस. हात दिसतील असे ठेव."

"अरे पण त्याला अधिकार आहे का?"

"तू परत जाणार आहेस. मला इथे राहायचंय."

त्या पोलिसाने एका प्लास्टिकच्या नळीत चिमूटभर पिठी टाकली, नळी हलवली आणि आतलं पाणी निळं झालं. निळं म्हणजे अमली पदार्थ. पिशवी कुणाची, असं विचारल्यावर आई ताठ बसून म्हणाली, "माय बॅग." मी तिथे काय काय बोललो ते लिहीत नाही. बेड्या घालून मला रस्त्याच्या कडेला बसवलं आणि आईला गाडीत घालून ठाण्यावर नेलं. तिच्या दहाही बोटांचे ठसे घेतले. फोटो काढला. फोटोसाठी चष्मा काढायला लावला. चष्म्याशिवाय आईला समोरचं माणूससुद्धा दिसत नाही, त्यामुळे ती त्या फोटोत कुठेतरी भलतीकडेच बघते आहे.

संध्याकाळी सोडलं. सॉरी कुणी म्हणालं नाही. पिठी तपासणीला पाठवली. आम्ही ऑकलंडला परतल्यावर बऱ्याच आठवड्यांनी दादाला एका ओळीचं ईमेल आलं की तो पदार्थ तांदूळ आहे आणि प्रकरण बंद झालं आहे.

त्यांचं बंद झालं. आमच्याकडे आईने डब्यातली उरलेली पिठी कचऱ्यात ओतली. तोवर ती कुणाकडेही रिकाम्या हाताने गेली नव्हती. आता बाहेर पडताना ती पिशवीच घेईना. चष्मा, रुमाल, औषध सगळं माझ्या बायकोच्या पर्समध्ये. एकदा भांडी पुसता पुसता मला म्हणाली, "दळताना काही पडलं असेल का रे त्यात?"

"आई, त्यांनीच लिहून दिलंय, तांदूळ आहे म्हणून."

"ते कागदावर. मग निळं कशाने झालं?"

जिने पन्नास वर्षं मोदक केले, तिला एका पोराने प्लास्टिकची नळी हलवून स्वतःच्या पिठीचा संशय यायला लावला. माझं डोकं तेव्हा जे फिरलं ते फिरलंच. मला तो पोलीस हवा होता, आईच्या समोर, आणि त्याच्या तोंडून ऐकायचं होतं की पिठी चांगली होती. दुसरं काही नको.

दादाला फोन केला. "जाऊ दे रे," तो म्हणाला. "इथे हे रोजचं आहे. माझ्या ऑफिसातल्या काळ्या माणसाला वर्षातून चारदा थांबवतात. तो हसून सोडून देतो."

"हसतो की हसायला लागतं?"

त्याने फोन ठेवला. पण दोन दिवसांनी त्यानेच एका वकीलबाईचा नंबर पाठवला, अशा केसेस फुकट लढणाऱ्या. दादाने माझ्यासाठी केलेलं हे सगळ्यात धाडसाचं काम, हे मी मान्य करतो. माझी तक्रार तरीही आहे. शहाणा माणूस, स्वतःचं घर, त्या देशाचा नागरिक, आणि नाही म्हणायचा हक्क त्याने इतकी वर्षं न वापरता ठेवून दिला होता. न वापरलेला ओव्हन गोदामात गंजतो, तसा तो गंजला. इथले पोलीसही काही देव नाहीत. माझ्याकडचा ड्रायव्हर माओरी, म्हणजे इथल्या मूळ लोकांतला; मी आणि तो एकाच रस्त्याने जातो, पण थांबवतात त्याला. म्हणूनच मला हे प्रकरण सोडायचं नव्हतं.

वकीलबाईंनी त्या पोलिसाच्या छातीवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण मिळवलं. त्यात आईचा आवाज स्वच्छ ऐकू येतो: "राईस. फॉर गॉड. राईस." आणि तो पोरगा तिकडे न बघता नळी हलवतो आहे. गावाच्या वकिलाचं म्हणणं, आईने आपण होऊन पिशवी उघडली, म्हणजे संमती आली. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, पिशवी दाखवणं ही संमती असेल, पण ती काय सांगते आहे ते न ऐकणं हा त्यांचा दोष. शिवाय ती नळी चुकते हे पोलिसांना माहीत असतं, तरी तिच्या जोरावर म्हातारीला आत घालतात.

मग कोर्टाबाहेर तडजोडीची बोलणी सुरू झाली. आमच्याकडे सकाळ, त्यांच्याकडे आदल्या दिवसाची दुपार. गोदामातल्या ऑफिसात मी लॅपटॉपसमोर आणि शेजारी माझी लेक. ती युनिव्हर्सिटीत आहे, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देते. माझा आवाज चढला की टेबलाखालून लाथ मारायची, हे तिचं काम.

वकीलबाईंना मी आधीच सांगितलं होतं की मला माफी हवी आहे. त्या म्हणाल्या, "माफी सगळ्यात महाग असते. पैसे विमा कंपनी देते, माफी माणसाला द्यावी लागते."

"मग माफीचं नावच काढू नका," मी म्हणालो. "पैसे मागा. भरपूर मागा."

आम्ही असा आकडा सांगितला की गावाच्या वकिलाने चष्मा काढून पुसला. पुढच्या वेळी त्याने एक किरकोळ आकडा आणला. मी भडकलो, आणि खरंच भडकलो, नाटक नव्हतं. लेकीने लाथ मारली. "डॅड, चिल." असं कित्येक आठवडे चाललं. ते थोडं वर यायचे, मी जेमतेम खाली यायचो. प्रत्येक वेळी त्यांच्या कागदात एक कलम असायचं: कुणाचीही चूक नाही, आणि या प्रकरणाबद्दल आम्ही कुठेही बोलायचं नाही. मी त्या कलमाकडे बघितलंच नाही. आकड्यावरून भांडत राहिलो.

लेक एकदा चिडून म्हणाली, "यू डोन्ट ईव्हन वॉन्ट द मनी."

"हळू बोल," मी म्हणालो. "मी अजून फ्रीझरचा भाव करतोय."

त्यांना ते चित्रण कोर्टात लागायला नको होतं आणि महिने सरत होते. शेवटी एका सकाळी गावाचा वकील दमून म्हणाला, "सर, तुम्हाला नक्की हवंय तरी काय?"

याच वाक्यासाठी मी इतके दिवस बसलो होतो.

"पैसे ठेवा तुमच्याकडे," मी म्हणालो. "एक डॉलरही नको. आईचा फोटो आणि ठसे तुमच्या रेकॉर्डमधून काढून टाका, कोर्टाचा हुकूम लागेल तर त्याला विरोध करू नका. तो ऑफिसर आणि त्याचा साहेब व्हिडिओ कॉलवर येऊन माझ्या आईची माफी मागतील. आणि ते गप्प बसायचं कलम काढा. बोलायचं की नाही ते आम्ही ठरवू."

त्याने सगळं लिहून घेतलं. मग म्हणाला, विचारून सांगतो. त्याच्या चेहऱ्यावरची सुटका मी ओळखली. ग्राइंडर घे आणि जा बाबा, म्हणणाऱ्या मालकाचा चेहरा असतो तो. कोर्टाचा हुकूम आधी आला, मग कॉलची वेळ.

त्या सकाळी आईने इस्त्रीची साडी नेसली आणि चष्मा दोनदा पुसला. पडद्यावर दोघं होते. साहेबाने कागद काढून वाचायला सुरुवात केली. आईने नातीला सांगितलं, "त्याला म्हणावं, वाचू नकोस. बोल." लेकीने जसंच्या तसं सांगितलं. साहेबाने कागद खाली ठेवला आणि तो पोरगा बोलला. "मॅम, आय ॲम सॉरी. तुम्ही काय आहे ते सांगत होतात. मी ऐकायला हवं होतं."

"निळं कशाने झालं ते विचार," आई म्हणाली.

ती नळी चुकते, असं तो म्हणाला. दुसऱ्या कशानेही निळी होते. पिठीत काही नव्हतं.

"म्हणजे पिठी चांगली होती."

"युअर राईस फ्लाअर वॉज गुड, मॅम."

हे तिला भाषांतर न करताच कळलं. तिने त्याच्याकडे नीट बघितलं, या वेळी चष्म्यातून. "मग परत का नाही दिली?" तिने विचारलं. "आंबेमोहोर होता."

साहेबाने चाचरत सांगितलं की ती नष्ट करावी लागली. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ, एवढा चांगला तांदूळ." कॉल संपल्यावर लेक म्हणाली, "आजी इज सॅव्हेज." हे तिच्या भाषेत कौतुक. आई त्याच दुपारी माझ्याकडून तांदूळ मागवून धुवायला बसली.

गप्प बसणं मी विकलं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

त्यानंतर आलेल्या गणपतीला आम्ही दीड-दोन तासांवरच्या हॅमिल्टनला बहिणीकडे निघालो. मागे आई आणि लेक, आईच्या मांडीवर पिशवी, पिशवीत गरम मोदकांचा डबा. भर दुपारी हायवेवर दारूच्या तपासणीसाठी सगळ्याच गाड्या थांबवत होते. पोलीस "किआ ओरा", म्हणजे माओरीत नमस्कार, म्हणाला आणि त्याने श्वास तपासायचं यंत्र पुढे केलं. मी यंत्रासमोर दहापर्यंत आकडे म्हटले. हिरवा दिवा. तो वाकून मागे बघत म्हणाला, "वास मस्त येतोय. काय आहे पिशवीत?"

आईचा हात चेनवर गेला आणि तिथेच थांबला. चेन तिने मुठीत धरून ठेवली.

"त्याला विचार," ती नातीला म्हणाली, "पोलीस म्हणून विचारतोय की भूक लागली म्हणून?"

लेकीने हसत विचारलं. तो दचकला, मग त्याने टोपी थोडी मागे सारली. "हंग्री," तो म्हणाला. "व्हेरी."

आईने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि मग सावकाश चेन उघडली.